खरं वाक्य

"टीचर, आता तुमचं वाक्य," मिसेस लियू म्हणाल्या.

अमेरिकेतल्या क्युपर्टिनोच्या लायब्ररीतला शनिवारचा इंग्रजीचा वर्ग. समोर नातवंडं सांभाळायला चीनहून आलेले आजी-आजोबा. फळ्यावर आजचं क्रियापद, रिफ्यूज, म्हणजे नकार देणं. आणि फळ्यापाशी शैलजाताई, त्याच कामासाठी नागपूरहून आलेल्या. नियम त्यांचाच होता: पुस्तकातलं वाक्य चालणार नाही, स्वतःच्या आयुष्यात घडलेलं, खरं वाक्य हवं.

मिसेस लियूंनी झोकात सांगितलं होतं, सुनेने केस काळे करायचा रंग आणला, मी रिफ्यूज केला. वर्ग हसला होता.

शैलजाताईंनी आठवून पाहिलं. लग्न, शाळेची नोकरी सोडणं, इथे येणं. दर वेळी त्या "बघू" म्हणाल्या होत्या आणि लोकांनी खुशाल तो होकार धरला होता. शिकवायला उभ्या राहिलेल्या बाईकडे एक खरं वाक्य नसावं! त्यांना स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात त्यांचा मुलगा सुशांत दार ढकलून आत आला. हातात गाडीची किल्ली.

"आई, चल लवकर. संध्याकाळी मंडळाच्या गणपतीला तू उकडीचे मोदक करतेयस, मी सगळ्यांना सांगून टाकलंय. तुझी सून नारळ खवत बसलीय. क्लास कॅन्सल कर."

"मी हो कधी म्हटलं?"

"काल 'बघू' म्हणालीस की! आणि हा क्लास काय गं, टाइमपास तर आहे."

मागच्या शनिवारी नातवाच्या स्विमिंगपायी वर्ग बुडाला होता. पुन्हा बुडाला तर खोली योगवाल्यांना देऊ, असं लायब्ररीने बजावलं होतं. सुशांतला हे ठाऊक होतं. तरी टाइमपास! शैलजाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी येणार नाही." आवाज चढला होता. चढू दे. "मोदक तू कबूल केलेस, तूच वळ. माझा वर्ग चालू आहे. जाताना दार लाव."

सुशांतने किल्ली खिशात टाकली. मग गेला. दार मात्र त्याने हळूच लावलं.

शैलजाताई वर्गाकडे वळल्या. त्या सॉरी म्हणणार, इतक्यात मिसेस लियूंनी हात वर केला. मराठीचं एक अक्षरही त्यांना येत नव्हतं.

"व्हेरी गुड, टीचर," त्या म्हणाल्या. "ट्रू सेंटेन्स."