छातीवरचा वण

रेणुकाच्या चार वर्षांच्या लेकीचे, मयूरीचे ओठ जरा रडली तरी निळे पडायचे. हृदयात जन्मापासूनच दोष होते. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एकतर छाती मधोमध उघडून एकदाच पूर्ण दुरुस्ती, नाहीतर काखेखालून तात्पुरती नळी बसवायची आणि मोठं ऑपरेशन पुढं कधीतरी करायचंच. "तिला आत्ता पूर्ण दुरुस्ती झेपेल, पण ठरवायचं तुम्ही," ते म्हणाले.

रामनगरला घरी आल्यावर रेणुकाच्या सासऱ्यांनी, परशरामअण्णांनी, पडवीत बसूनच निकाल दिला.

"नळीच बसवा. पोरीची जात हाय. मधोमध वण दिसला तर लगीन कोण करंल?"

"आणि मोठं ऑपरेशन?" रेणुकानं विचारलं.

"लगीन होऊ दे की. मग सासरचे बघतील."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. लक्ष्मण मान खाली घालून पुटपुटला, "अण्णा म्हणत्यात ते बी खरंच हाय."

रेणुकाच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर सासऱ्यांपुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता.

"मधोमधच उघडायचं! पोर माझी हाय, सही मी करणार."

"आमाला न इचारता?" अण्णा ताडकन उठले, तसा त्यांच्या उघड्या अंगावरचा पंचा घसरला.

त्यांच्या छातीवरच्या लांबलचक उभ्या वणाकडं बोट करून रेणुका कडाडली, "मामा, गेल्या साली तुमचं बायपास केलं, तवा वण दिसंल म्हणून कोण थांबलं व्हतं?"