मालकाची मुभा

"माझीच फाइल, आन् मलाच हात लावू देईना," साहेबराव भिमाच्या कानाशी पुटपुटला. "ह्याला मशीन म्हणायचं का सासू?"

भोरच्या एस्टीत तिघांच्या बाकावर चौघं बसलेले, त्यामुळं बोलणं कानातच होत होतं. दोघं पुण्याच्या एका संस्थेत नोकरीला. सत्त्याहत्तर साली तिथं कॉम्प्युटर आला. खोलीभर कपाटं, आणि बाहेर टाइपरायटरसारखं एक यंत्र. त्यावर हुकमाची एक ओळ टाइप करायची, की मशीन कागदावर उत्तर छापायचं. आकड्यांच्या फायली मशीनच्या पोटात राहायच्या. कोणती फाइल कुणी वाचायची, कुणी तिच्यात लिहायचं, हे फाइलीचा मालक अशाच एका ओळीनं ठरवायचा.

"गुरुवारी निघताना तू बाकीच्यांची मुभा काढायला गेलास," भिमा म्हणाला, "आन् आपलीबी काढून बसलास."

"मी?"

"तूच. मालकाशिवाय ती कुणाला बदलताच येत न्हाई. नाव मात्र मशीनचं."

साहेबराव मनमोकळं हसला. मुभा परत द्यायची ओळ त्यानं तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतली.

भोरला उतरल्यावर साहेबरावला पुढं आपल्या गावाची, आंबवड्याची गाडी दीड तासानं. तो दीड तास ठरलेला होता. भिमाच्या घरी जायचं, हातपाय धुवायचे, त्याच्या आईच्या, बाळाबाईच्या हातची गरम भाकरी आणि बोंबलाची चटणी हाणायची. दीड वर्षात एक शनिवार चुकला नव्हता. बाळाबाई चुलीपुढून वाढायची आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली दोघं मांडीला मांडी लावून जेवायचे. साहेबराव तिला आईच म्हणायचा. तिसरी भाकरी मागायला त्याला कधी लाज वाटली नाही, आणि बाळाबाईला त्याचंच समाधान.

त्या दिवशी तिनं विचारलं, नेमकं काय करता रे त्या मशीनवर. भिमानं फाइलीचं सांगितलं. काहींना नुसतं बघता येतं, काहींना बदलता येतं, काहींना काहीच नाही.

"म्हंजे आमच्या जुन्या हिरीवानी," बाळाबाई भाकरी थापत म्हणाली. "पाणी दिसायचं. काढायचं न्हाई."

साहेबरावचा घास जरा थांबला. मग त्यानं आणखी चटणी मागितली, आणि तिघांनाही बरं वाटलं.

साहेबरावला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. भिमानं पुण्यातून झबलं आणि पिवळं टोपडं घेतलं होतं. ते ट्रंकेत पडून होतं. बारसं येत्या रविवारी. भिमाला जायचं होतं. एवढंच होतं खरं, पण लई होतं. दीड वर्षात साहेबरावचं घर त्यानं पाहिलं नव्हतं. परड्यातला फणस, दारातली म्हैस, सगळं ऐकून पाठ.

स्टँडवर साहेबरावनं आपण होऊनच विषय काढला. आई जुन्या वळणाची आहे, म्हणाला. वाईट नाही, पण मन वळायला वेळ लागतो. तू समजून घे.

"घेतो की," भिमा म्हणाला.

कशाचं वळण, ते दोघांनीही म्हटलं नाही. गाडी आली.

घरी आल्यावर बाळाबाईनं पोराकडं एकदा पाहिलं. "टोपडं ल्हान व्हईल," एवढंच बोलली.

बारसं झालं. सोमवारी साहेबराव घुगऱ्या घेऊन आला, सोबत नेहमीसारखा गच्च भरलेला डबा. त्याच्या आईला माप म्हणून कळायचं नाही. दर सोमवारी चार भाकऱ्या, दोन लाडू, दोन लिंबाच्या फोडी. एकट्यानं एवढं कोण खातं, म्हणत साहेबराव अर्धा डबा भिमापुढं सारायचा. भिमा मनात म्हणायचा, म्हातारीच्या हाताला चव आहे. मन काय, वळेल.

पुढच्या शनिवारी दोघं नुकते जेवायला बसले होते, तेवढ्यात दारात सावली पडली. नऊवारीतली एक ठेंगणी बाई, काखेत बाळ.

"मशीनवाल्या भिमाचं घर ह्येच का?"

साहेबरावचा हात ताटातच राहिला. "आई, तू हितं?"

साहेबरावच्या आईनं, अक्काबाईनं सांगितलं, दवाखान्यात नातवाला डोस पाजायला आले होते, स्टँडवर विचारत विचारत आले. मग चपला काढून ती सरळ आत आली आणि भुईवर बसली.

बाळाबाई उठून उभी राहिली. पाणी विचारावं की नाही, तिला कळेना. माठाकडं तिनं नुसतं पाहिलं.

"पाणी द्या बाई आधी. घसा सुकलाय," अक्काबाई म्हणाली.

तांब्या तिनं घटाघटा संपवला. पदरानं तोंड पुसून बाळ भिमाच्या मांडीवर दिलं. वळलं म्हातारीचं मन. भिमाचे डोळे चुरचुरले. ते लपवायला तो ट्रंकेकडं वळला आणि टोपडं काढलं. घट्ट झालं, पण बसलं. बाळाबाई तोंडाला पदर लावून हसली, आणि तिनं तिसरं ताट घेतलं.

साहेबराव तेवढा हसला नाही. अर्ध्या ताटावरून उठून तो मोरीकडं हात धुवायला गेला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला.

अक्काबाईनं नातवाचं टोपडं सारखं केलं. मग हात तसाच भिमाच्या गुडघ्यावर ठेवला.

"एक इचारू का, लेकरा? राग धरू नको. दीड वरीस दर शनवारी तुझं ताट वाढून झाकून ठेवते. तू येत न्हाईस म्हणून सोमवारी डब्यात तुझा वाटा घालते. बारशाला तर वाटंकडं डोळं लावून बसले. आमचा साहेबराव म्हणतो, भिमा आमच्या जातीच्या घरात पाऊल टाकत न्हाई. खरं हाय का ह्ये?"