कुटुंबप्रमुखाला मेसेज

तपासणी केंद्राच्या बाकावर शाल्मली रिपोर्ट हातात धरून बसली होती. एचआयव्ही पॉझिटिव्ह. शेजारी तिचे वडील, निगुडकरसाहेब.

कंडोम घेताना मशीनवर अंगठा लावायचा आणि मेसेज कुटुंबप्रमुखाला जायचा, हा नियम सरकारी नोकरीत असताना त्यांनीच लिहिला होता. तीन वर्षांत आपल्या फोनवर तसा एकही मेसेज आला नाही, हे ते लग्नाकार्यात चारचौघांना सांगायचे.

"अगं, पण दुकानात मिळतं ना ते..." निगुडकर म्हणाले.

"मेसेज तुम्हालाच आला असता, बाबा."

"रोज एक गोळी घ्यायची, घाबरायचं नाही," म्हणत नर्सने औषध दिलं आणि सोबत कंडोमचं एक पाकीट ठेवलं. "याच्यासाठी इथे अंगठा लाव."

निगुडकरांच्या खिशातला फोन थरथरला, तशी शाल्मलीने मान खाली घातली. निगुडकरांनी आपली मान आधीच खाली घातली होती.