फाइलचा कर्ता

थायलंडच्या त्या बेटावर परदेशी पर्यटक वाढले, तसं पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांना इंग्रजी सक्तीचं झालं. नापास होणाऱ्याची बदली थेट म्यानमारच्या सीमेवर. हवालदार बुनलर्त पहिल्याच बाकावर बसले. त्यांची बायको बेट सोडायला मुळीच तयार नव्हती.

शिकवायला आलेल्या राच्चनी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘द डॉग बिट द मॅन.’ "कर्ता कोण?"

"कुत्रा," बुनलर्त म्हणाले. "चावला हे क्रियापद. माणूस बिचारा कर्म. उचलू का कुत्र्याला?"

"राहू द्या. आता हे बघा, ‘इट इज रेनिंग.’ इथं कर्ता ‘इट’."

"हा इट कोण?"

"कुणीच नाही. करत काही नाही, नुसती जागा अडवून बसतो."

"म्हणजे आमचे साहेब!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खदाखदा हसला.

मग बाईंनी लिहिलं, ‘क्लोज द फाइल.’

बुनलर्तनी वाक्य वरखाली पाहिलं. "बंद करा, हे क्रियापद. फाइल हे कर्म. कर्ता फरार आहे, बाई."

"फरार कसला? तो इथंच आहे. तुम्ही."

"मी? अहो, हुकूम तर वरून येतो!"

"येऊ दे. हुकूम देणारा या वाक्यात कुठंच नसतो. बंद करणारे तुम्ही, म्हणून कर्ता तुम्हीच."

बुनलर्तनी हातातलं पेन खाली ठेवलं.

परीक्षेत नेमकं तेच वाक्य आलं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पण स्वतःच्या हस्ताक्षरात ते लिहून द्यायला एकही पोलीस तयार होईना.

अख्खं ठाणं सीमेवर गेलं.