हिवाळ्यातलं टेकाड

"हिवाळ्यात हे टेकाड कशाचं, ऑर्विल?" ॲनिकाने पडद्यावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं.

ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या तळघरात जमलेल्या सगळ्या स्वयंसेवकांच्या माना ऑर्विल हॉगनकडे वळल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा फोन करून ख्यालीखुशाली विचारायची, एवढंच त्यांचं काम. फोन केला की संगणकात आपलं नाव आणि तारीख टाकायची. कोणाला केला, ते खासगी म्हणून लिहायचं नाही. स्वयंसेवकांतल्याच ॲनिकाने या नोंदींची महिनावार बेरीज करून प्रत्येकाची एक रेषा काढली होती. ऑर्विलच्या वाट्याची माणसं तेवढीच, पण नोव्हेंबरपासून त्याची रेषा जी चढली होती, ती खाली यायचं नाव घेत नव्हती. म्हाताऱ्याने नोंदी फुगवल्या, अशी तिची खात्रीच होती.

केंद्र चालवणाऱ्या ग्लेंडाने लेमन बारच्या आंबटगोड वड्यांची बशी आधी ऑर्विलपुढे सरकवली आणि मगच तोंड उघडलं. "नोंदी खोट्या असतील तर तुमचं नाव काढावं लागेल हो. मला अगदी नको वाटतंय, पण नियम आहे."

ऑर्विल कानापर्यंत लाल झाला. "दोनदा दाबलं गेलं असेल माझ्याकडून. जाड बोटं. काढा नाव."

ॲनिकाचं तेवढ्याने भागलं नाही. आलेखात अजून एक खोट होती आणि ती तिलाच सापडली होती. ज्या महिन्यात एकही फोन नाही, त्या महिन्याची नोंदच नसते. मग बेरजेत तो महिना येत नाही आणि रेषा त्याच्यावरून खुशाल उडी मारून पुढे जाते. आता तिने रिकाम्या महिन्यांत शून्य भरायची सोय केली होती. ऑर्विलची झाकली मूठ उघडायचा तेवढा अवकाश होता.

"पोरी, शून्य नको टाकूस," ऑर्विल हळूच म्हणाला. "रेषा आहे तशी बरी आहे."

"का? कुणाचं पितळ उघडं पडेल म्हणून?" दोघंतिघं हसले. ॲनिकाने बटण दाबलं.

निळी रेषा जागची हलली नाही. ॲनिकाची लाल रेषा मात्र ऑक्टोबरनंतर धाडकन जमिनीवर आली. नोव्हेंबर शून्य, डिसेंबर शून्य, जानेवारी शून्य. निळं टेकाड जिथे चढत होतं, बरोबर तिथे.

ॲनिकाच्या वाट्याला एकच बाई होती, थेल्मा ऑस्बी, दर गुरुवारी. नोव्हेंबरात ॲनिकाने हा आलेख करायला घेतला आणि 'पुढच्या गुरुवारी नक्की' म्हणता म्हणता तो गुरुवार राहूनच गेला. फेब्रुवारीत एकदा घाईघाईत फोन केला, तेवढाच. एखाददुसरा आठवडा हुकला असेल, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पडदा बंद करायलाही तिचा हात उचलेना.

"थेल्मा चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसते," ऑर्विल बशीकडे बघत म्हणाला. "त्या पोरीला बरं नाही का, म्हणून विचारत होती. म्हटलं, तिला कामातून सवड नाही, तिनेच मला तुमची चौकशी करायला सांगितलंय. एवढंच खोटं बोललो मी. दर गुरुवारचे फोन मात्र खरेच केले."

ॲनिकाचा हात गळ्याशी गेला. तिथे थेल्माने नाताळात पाठवलेला हिरवा मफलर होता. 'आठवण ठेवतेस, बरं वाटतं,' असं त्यासोबत लिहिलं होतं, आणि ती चिठ्ठी तिने सगळ्यांना वाचून दाखवली होती. तिने मफलर सोडला आणि मान खाली घालून ऑर्विलपुढे ठेवला.

त्याने तो नीट घडी घालून परत तिच्याकडे सरकवला.

"मला काय करायचाय? आज गुरुवार आहे. ती फोनपाशी बसली असेल. आणि मफलर आवडला का, तेवढं सांग तिला. दर वेळी विचारते बिचारी, आणि मला काही उत्तर सुचत नाही."