शांत स्वभावाची परीक्षा

कच् करून कैची तेंदूच्या पानावर चालली आणि दुपारची शांतता मोडली. दुसरं महायुद्ध संपल्यावर नागपूरची मासिकं पुन्हा तिरोड्याला येऊ लागली होती. त्यातल्या एकात ‘आपला स्वभाव ओळखा’ अशी परीक्षा होती. घरात सगळे मला तिरसट म्हणतात. ते आज खोटं पाडायचंच, म्हणून बिड्या वळता वळता मी दुर्पता जाऊबाईंना प्रश्न वाचून दाखवत होते आणि उत्तरं माझी मीच देत होते.

“आपण मुलांवर ओरडता काय?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढ्यात माझी चार वर्षांची चमेली मांडीकडे सरकली. “हो तिकडं! मांडीवर सूप हाये, दिसत नाई? तंबाखू सांडन ना!”

“हे ओरडनं नोहोय का वो?” जाऊबाई हसल्या.

“हे सांगनं झालं. समोरचं आयका.”

शेवटी निकाल लागला. मी तो ऐटीत दोनदा वाचला: ‘ही स्त्री शांत व प्रेमळ आहे. ती मुलांवर कधीही ओरडत नाही. हातातले काम बाजूला ठेवून ती त्यांना जवळ घेते आणि त्यांच्या प्रश्नांना हसून उत्तर देते.’

“आता सांगा जाऊबाई, कोन तिरसट?”



कोपऱ्यातून चमेलीने हळूच विचारलं, “माय, मी थ्या बाईच्या घरी राह्याले जाऊ?”