नाटकाचा पुरावा

"डॉक्टर, हिचं नाटक मी मोबाईलमध्ये पकडलंय."

खुर्चीत बसायच्या आधीच विपुलने फोन टेबलावर टाकला. काल्हेरला त्याची गोदामं. हमाल खरंच आजारी आहे की ढोंग करतोय, हे आपल्याला लांबून कळतं, असा त्याचा रुबाब. मग पोटच्या पोरीचं कळणार नाही?

नऊ वर्षांची उन्नती हात मांडीखाली दाबून बसली होती. तरी ते निसटत होते. खांदा उडायचा, तोंड वाकडं व्हायचं. ताट पडलं, मार बसला. अक्षर बिघडलं, मार बसला. शेवटी शाळेतल्या बाईच म्हणाल्या, आधी डॉक्टरला दाखवा.

"माझी बोटं धर. घट्ट. सोडू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उन्नतीने धरली. मूठ आवळली, सुटली, पुन्हा आवळली. तिचे डोळे भरून आले.

"बघा! धरायचंच न्हाय हिला," विपुल उसळला. "आता हे बघा. झोपलीय. हात गप, तोंड गप. खरा आजार काय झोप घेतो? आणि काल कबूल पण केलंय तिने."

डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. चेहरा उतरला त्यांचा.

"मध्यंतरी घसा दुखला होता हिचा?"

"माझ्या भावाच्या हळदीत डीजेपुढं ओरडली. आमच्याकडं हळद झाली की अख्ख्या घराचा घसा बसतो. त्याला कोण औषध घेतं?"

"ताप?"

"व्हता... थोडा."

त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ काढलीच नाही.

"तो घसा ओरडून बसला नव्हता. जंतू होते. घसा बरा होतो, पण क्वचित एखाद्या मुलाचं शरीर नंतर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. हात आपोआप हलतात. हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात. छातीत वेगळा आवाज येतोय. हृदयाची तपासणी आजच करायची."

"पण झोपेत तर..."

"झोपेत थांबतं. हीच त्याची खूण. पुरावा तुम्हीच आणलात."

विपुलने फोन उचलला, उलटा ठेवला.

डॉक्टरीणबाई उन्नतीकडे वाकल्या. "मग नाटक करते असं कबूल का केलंस गं?"

उन्नतीने बापाकडे पाहिलं नाही.

"कबूल केलं की पप्पांचा हात थांबतो."